छावणी उठल्यानंतर

उन्हाळ्याच्या सुटींतील छावणीचा शेवटचा दिवस. तंबूंच्या खुंट्या उपटून झालेल्या असतात, वळकट्या बांधलेल्या असतात आणि मुलें एकमेकांच्या वह्यांत पत्ते लिहिण्यांत गढलेलीं असतात. “पत्र पाठव हं!” हें वाक्य त्या सकाळीं शंभरदां तरी कानीं पडतें. त्या वचनांत खोटेपणा मुळींच नसतो. परंतु शाळा उघडते, सहामाही परीक्षा येते आणि ती वही पेटीच्या तळाशीं जाते. मुलांना बोल लावण्यांत अर्थ नाहीं. “केव्हां तरी लिहूं” या वायद्याला तिथि-वार नसतो, हें खरें कारण.

१९५७ सालीं इंग्लंडांत सटन पार्क येथें बालवीरांचा जागतिक मेळावा भरला. त्यांत हौशी बिनतारी चालविणारे कांहीं बालवीर होते. मेळावा संपल्यावरहि एकमेकांचा आवाज ऐकत राहावयाचें त्यांनीं ठरविलें. लेस मिचेल या गृहस्थांनीं ही कल्पना उचलून धरली आणि १९५८ च्या मे महिन्यांत आकाशमार्गें पहिली ‘जांबोरी’ पार पडली. पुढें तिच्यासाठीं ऑक्टोबर महिना मुक्रर झाला. आजहि ती दरसाल त्याच महिन्यांत भरते.

या भेटींत अडचणी थोड्या नसतात. लघुलहरी आकाशांतील विद्युद्भारित थरांवरून परतून दूरदेशीं पोहोंचतात आणि ते थर सूर्याच्या तेजाप्रमाणें पालटतात. दुपारीं स्पष्ट ऐकूं येणारा मित्र रात्रीं नाहींसा होतो. शिवाय एकानें “ओव्हर” म्हटल्याखेरीज दुसऱ्यानें तोंड उघडावयाचें नाहीं, असा शिरस्ता. (कित्येक घरांतूनहि तो लागू करण्याजोगा आहे!) पलीकडून उत्तर न आल्यास बिनतारीवाला रुसत नाहीं, थोडें थांबून पुन्हां हांक घालतो. मुलें मात्र एका अनुत्तरित पत्रानेंच रुसतात आणि वर्षाची मैत्री तेथेंच संपते.

आतां हातोहातीं टेलिफोन आहे, निरोप क्षणांत जातो; म्हणूनच तो उद्यांवर टाकला जातो. पुण्याच्या मुलानें नागपूरच्या मित्राला दिवाळीच्या सुटीच्या पहिल्या दिवशीं लिहावयाचें, असें छावणींतच ठरलें तर बरें. लिहितांना छावणींत शिकलेली गांठ अजून बांधतां येते का, असें विचारावें. नुसत्या “मी खुशाल आहें” या मजकुराला बिचाऱ्यानें उत्तर तरी काय द्यावें?