अधिक अभ्यासाचे अधिक शुल्क

अधिक काम करणाऱ्यास अधिक मोबदला मिळावा, हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. परंतु अधिक अभ्यास करणाऱ्याकडून अधिक पैसे घ्यावेत, हा नियम प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटतो. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत तो रूढ आहे.

तेथे अभ्यास श्रेयांकांत मोजतात. आठवड्यास एक तास वर्गात आणि दोन तास स्वाध्याय, असा क्रम सुमारे पंधरा आठवडे चालविला म्हणजे एक श्रेयांक पदरी पडतो. पदवीस साधारणतः १२० श्रेयांक लागतात; आठ सत्रांत वाटले तर सत्रास १५. पुष्कळ महाविद्यालये १२ पासून १८ श्रेयांकांपर्यंत एकच ठरीव शुल्क घेतात. अठराची रेषा ओलांडली की पुढील प्रत्येक श्रेयांकाचे निराळे पैसे!

याचे समर्थन दोन प्रकारे केले जाते. जादा विषय घेणारा वर्गातील जागा व्यापतो आणि अध्यापनाचा खर्च वाढवितो, हे एक. विद्यार्थ्याने झेपेल तेवढेच ओझे उचलावे, हे दुसरे. वीस श्रेयांक म्हणजे आठवड्याचे साठ तास. तेव्हा ही काळजी अनाठायी नव्हे. पण नियमांच्या मसुद्यांतच ज्याचे दिवस जातात, अशा माझ्यासारख्यास येथे एक गोष्ट खटकते. जादा विषयांसाठी बहुधा पूर्वीचे गुण दाखवून मार्गदर्शकाची संमती मिळवावीच लागते. झेपण्याचा निकाल तेथेच लागला. मग काळजीच्या नावाने शुल्क कशाला? खर्चासाठी हवे असेल, तर तसे उघड म्हणावे.

आणि हा भार पडतो कोणावर? सत्रास २० श्रेयांक घेणारा सहा सत्रांत पदवीधर होतो. वर्षभराचे शुल्क, वसतिगृह, भोजन वाचते आणि कमाई एक वर्ष आधी सुरू होते. ज्याच्या घरी निकड आहे त्यालाच ही घाई असते. उलट, १२ श्रेयांक घेणारा सरकारी साहाय्याच्या नियमांत पूर्णवेळ विद्यार्थीच गणला जातो. आठ सत्रांअखेर त्याच्या पदरी जेमतेम ९६ श्रेयांक जमतात. शुल्क मात्र त्याने अठरावाल्याइतकेच भरलेले असते! सत्रास पंधरा श्रेयांक घ्या आणि वेळेवर पदवीधर व्हा, असा प्रचार हवाई विद्यापीठाला करावा लागला तो याचमुळे. कित्येक ठिकाणी वाद्यवृंदाचा श्रेयांक या मोजणीतून वगळतात; व्हायोलिनवादकास जी सवलत, ती गणिताच्या विद्यार्थ्यास का नसावी, हे मला उमगलेले नाही.

ही चर्चा आता आपल्या दाराशी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात त्रैवार्षिक पदवीस १२० श्रेयांक, म्हणजे सत्रास सरासरी २०, सांगितले आहेत. श्रेयांकाचे माप उभय देशांत तंतोतंत एक नाही, हे खरे. पण २०२४ साली आयोगाने निवडक विद्यार्थ्यांस हीच पदवी पाच सत्रांत पुरी करण्याची वाट मोकळी केली. ही सरासरी २४ होते. त्या जादा चार श्रेयांकांचे मूल्य कोणी द्यावयाचे, हे प्रत्येक विद्यापीठाने प्रवेशापूर्वीच शुल्कपत्रकात स्पष्ट छापावे. परीक्षेच्या तोंडावर खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलास ते कळता कामा नये.