गोमुख मागे कसं गेलं?

आज हप्ते, कर्ज, बँकेची कागदपत्रं यातलं काही नाही. आज बर्फाबद्दल बोलायचंय. कल्याण तालुक्यात बसून कुठला आलाय बर्फ, असं म्हणाल, पण हा विषय आपल्याच बैठकीत निघाला.

आमच्या एका गटात एक काकू आहेत. २००३ साली त्या यजमानांबरोबर चारधामला गेल्या होत्या. गंगोत्रीहून १८ किलोमीटर चालून दोघं गोमुखाला पोचले. बर्फाच्या मोठ्या भिंतीला खाली गुहेसारखं तोंड आहे, त्यातून भागीरथी बाहेर पडते, तेच गोमुख. गेल्या वर्षी काकू लेकीबरोबर पुन्हा गेल्या. यजमान आता नाहीत. या वेळी त्यांना फार जवळ जाऊ दिलं नाही, पण जिथे बर्फाची भिंत पाहिल्याचं त्यांना आठवत होतं तिथे नुसते दगड होते. भिंत लांब मागे. घरी येऊन सांगितलं तर मुलगा हसला. म्हणाला, "आई, वीस वर्षं झाली. तुझ्या लक्षात नसेल जागा."

काकूंना ते लागलं. बैठकीत मला म्हणाल्या, "ताई, तिथला माणूस सांगत होता की हा बर्फ सारखा खाली सरकतो. खाली सरकतो तर गोमुख मागे कसं जाईल? का माझंच चुकतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं बीए इतिहासातलं. मग महिनाभर मिळेल ते वाचलं.

उंचावर दरवर्षी बर्फ पडतो आणि सगळा वितळत नाही. थरावर थर बसतात. भुसभुशीत बर्फ वरच्या भाराने दाबत जातो, आतली हवा निघते आणि त्याचा घट्ट, निळसर बर्फ होतो. अशी जाडी वाढली की तो स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. कडक वस्तू वाहते कशी? गुळाची ढेप आठवा. उन्हाळ्यात कोठीत ठेवलेली मऊ ढेप हळूहळू बसते, पसरते. आणि तीच बत्त्याने ठोकली तर तुकडे उडतात. बर्फाचंही तसंच. खोल आत, दाबाखाली तो हळू वाहतो. वर दाब नसतो, तिथे ताण पडला की तडकतो आणि भल्यामोठ्या भेगा पडतात. शिवाय तळाशी वितळलेलं पाणी असेल तर सगळा थर त्यावरून घसरतो, शेवाळलेल्या फरशीवरून पाय घसरावा तसा.

वेग किती? कुठे दिवसाला काही बोटं, कुठे हातभर. डोळ्यांना दिसत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १८४० च्या दशकात लुई अगासी या शास्त्रज्ञाने हिमनदीवर आडव्या ओळीत खुणेचे खांब रोवले. पुढे पाहिलं तर मधले खांब जास्त पुढे गेलेले, कडेचे मागे राहिलेले. आपल्या उल्हास नदीतही मधली धार जोरात असते आणि काठाचं पाणी रेंगाळतं, तसंच.

आता काकूंचा प्रश्न. मला तो गटाच्या वहीवरून समजला. वर पडतो तो बर्फ म्हणजे जमा. खाली वितळतो तो खर्च. आणि हिमनदी जमेकडून खर्चाकडे माल वाहून नेते. खाली येणारा बर्फ आणि तिथे वितळणारा बर्फ सारखा असेल तर तोंड जागच्या जागी राहतं. वितळणं वाढलं तर येणारा बर्फ जुन्या जागेपर्यंत पोचण्याआधीच संपतो, आणि तोंड मागे जातं. म्हणजे बर्फ रोज खालीच सरकतोय, तरी गोमुख मागे जातंय. आपल्या वहीत नाही का, दर महिन्याला देणंघेणं चालू असतं तरी शिल्लक घटत जाते?

हे मोजलेलंही आहे. १९३५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑडेन यांनी गोमुखाचा नकाशा केला. तिथपासून १९९६ पर्यंत गोमुख एक किलोमीटरहून जास्त मागे गेलं. पुढेही ते मागेच जातंय, काही वर्षी कमी, काही वर्षी जास्त. काकूंच्या दोन फेऱ्यांमधल्या वीस वर्षांत बरंच अंतर पडलं असणार. काकूंची आठवण पक्की आहे.

त्यांनी पाहिले ते दगडही बर्फानेच आणलेले. सरकताना तो डोंगर खरवडतो आणि पोटातले दगड खालच्या खडकावर घासत नेतो. त्या ओरखड्यांवरून बर्फ गेल्यावरही त्याची वाट कळते. गंमत म्हणजे असे ओरखडे आपल्या महाराष्ट्रातही आहेत, चंद्रपूरजवळ इरई इथे, चुनखडकावर. १८७० च्या दशकात फेडन यांनी ते नोंदवले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, तेव्हा आपली जमीन दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. आपल्या मलंगगड, माळशेजकडे मात्र शोधू नका, तो काळा दगड लाव्ह्याचा, फार नंतरचा.

यंदा जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. मागे उरलेले दगडमातीचे ढीग कच्च्या बांधासारखे असतात आणि त्यामागे पाणी साठतं. १७ जून २०१३ ला केदारनाथच्या वर चोराबारी तलावाचा असाच बांध फुटला. पाऊस लागला असेल आणि थांबा म्हणाले तर थांबा, ठरवलेली तारीख चुकली तरी चालेल.

हे सगळं मी काकूंना आधीच सांगितलंय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "रेडिओवर कधी लागणार? रविवारी लावा ना, मुलगा घरी असतो."