वारा सुटला, वारा पडला

मंडळी, लातुरात उन्हाळ्याच्या संध्याकाळी मी वाऱ्यावर बोलायला उभा आहे. मांडवाचं कापड मध्येच फडफडलं, तर तो व्याख्यानाचाच भाग समजा.

मळणीयंत्रं येण्याआधी खळ्यावरची ज्वारी वाऱ्यावर उपणायचे. पाटी भरून माणूस उंचावर उभा, आणि वारा पडलेला! मग बसून राहायचं, कधी कधी पार अंधार पडेपर्यंत. वारा सुटला की भुसकट लांब उडायचं आणि दाणा पायाशी पडायचा. हलकं पुढं न्यायचं, जड खाली टाकायचं, ही वाऱ्याची सवय ध्यानात ठेवा. सह्याद्रीवर ती पुन्हा भेटेल.

वारा म्हणजे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघालेली हवा. दाबात फरक पाडतं ते ऊन. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये तव्यासारखी तापते, वरची हवा फुगून हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घ्यायला शेजारची धावते. नांगरलेल्या रानाचा एखादा तुकडा आसपासपेक्षा जास्त तापला, की भर दुपारी वावटळ उठते. तिच्यात भूत असतं, असं लहानपणी ऐकलं होतं. पुढे जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. तरी एकटा असताना वावटळ दिसली की मी अजून बाजूला होतो.

कोकणात हाच खेळ रोज चालतो. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई. आपल्याला समुद्र नाही, तेव्हा पुढे जाऊ.

लातूर-नांदेड साधारण 18 ते 19 उत्तर अक्षांशावर आहेत. वाऱ्याला नाव मिळतं ते तो जिकडून येतो त्या दिशेचं. आपला पट्टा ईशान्य व्यापारी वाऱ्यांचा. हिवाळ्यात ते जमिनीवरून कोरडेच येतात. उन्हाळ्यात मात्र वायव्य भारत तापतो, तिथे दाब उतरतो, आणि दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून इकडे ओढले जातात. पृथ्वी फिरते आहे, म्हणून ते उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून येतात. हेच मोसमी वारे. ‘मोसम’ हा शब्द अरबी, अर्थ ऋतू. पडताळून पाहायचं असेल, तर जूनमध्ये गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल, म्हणजे राजस्थानच्या बाजूला. हा नियम बाईज बॅलट या डच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडला. उपकरण काही लागत नाही, फक्त पाठ हवी.

आता सह्याद्री. अरबी समुद्राची वाफ घेऊन आलेला वारा घाट चढतो, गार होतो, आणि खळ्यावरच्या दाण्यासारखं पाणी तिथंच टाकतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त, आणि लातूरला जेमतेम सातशे-आठशे. आपल्या वाट्याला बहुतेक भुसकट येतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे इथं आली, ती तुम्ही पाहिलीत. ते पाणी कृष्णेचं, आणि कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. आपल्याकडे येता येता वाऱ्याने घाटात सांडलेलं पाणी आपण रुळांवरून साडेतीनशे किलोमीटर ओढून आणलं! वाऱ्याची चूक दुरुस्त करायला आगगाडी लागली, असं मी गमतीने म्हणतो. घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बायांना त्यात गंमत वाटणार नाही.

मग नांदेड तर सह्याद्रीपासून आणखी लांब, तरी तिथं लातूरपेक्षा पाऊस जास्त कसा? कारण पुरवठा दुसऱ्या दाराने होतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ करत पश्चिमेकडे सरकतात. नांदेड त्यांच्या वाटेला जवळ. काहींचा ओलावा लातूरपर्यंतही पोचतो.

म्हणून ऑगस्टात पश्चिमेचा वारा भरारा सुटला, ढग नुसते डोक्यावरून पळायला लागले, की आपलं सोयाबीन माना टाकतं. आणि पोळ्याच्या सुमारास वारा पडला, अंग घामाने चिकट झालं, की म्हातारी माणसं कुरकुर करत नाहीत. ती ओट्यावर येऊन पूर्वेकडे बघत बसतात.