मॅट्रिक असूनही

(कोल्हापुरातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, 'हा गोदीत हमाली करतो, नुसता मॅट्रिक आहे, असं असूनही मुद्द्याचं बोलतो.' प्रेमानंच सांगितलं. पण मला ह्या 'असूनही'लाच धरायचंय.

तुमच्या ह्याच कोल्हापुरात, १८९९ साली, पंचगंगेवर खुद्द शाहू महाराजांना ऐकावं लागलं की तुम्हाला वेदोक्ताचा अधिकार नाही. राजा असून नाही! तेव्हा जन्म विचारायचे. आता जन्माबरोबर सर्टिफिकेटही विचारतात. मुद्दा टाळायची सोय तीच.

बरं, सर्टिफिकेट असलं म्हणजे ऐकतात? बाबासाहेब कोलंबियात शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तर शिपाई लांबून फायली टाकायचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना १९३६ सालच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी वाचलं, बदला म्हणाले. बाबासाहेब बदलेनात, तर परिषदच रद्द. तोवर पीएच.डी., डी.एस्सी., बॅरिस्टर सगळं नावामागं होतं. ऐकायचंच नसलं की एवढ्या डिग्र्याही कमी पडतात. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं.

गोदीतली गोष्ट सांगतो. क्रेनच्या दोराचा पीळ सुटला होता. मी साहेबाला म्हटलं, ह्यानं माल उचलू नका. तो म्हणाला, 'किती शिकलायस?' दुपारी दोर तुटला. पोती फुटली, खालचा माणूस थोडक्यात वाचला. दोराला कुणाचं शिक्षण कळत नाही.

म्हणून डिग्री जाळा म्हणत नाही मी. आजारी पडलो तर डॉक्टरकडंच जाईन, कवीकडं नाही. आधी कुणाला विचारावं, ते डिग्रीवरनं कळतं. त्यानं सांगितलेलं खरं की खोटं, ते पुराव्यावरनंच कळतं. 'शिका' म्हणाले बाबासाहेब, ते भिंतीला कागद टांगायला नव्हे. समोरच्याचं बोलणं तपासता यावं म्हणून.

आता आपल्यातलंही बोलू. 'मी हमाल, मी भोगलंय, म्हणून माझंच खरं' हेही सर्टिफिकेटच झालं. भोगलेलं ही साक्ष आहे, निकाल नाही. साक्ष नीट ऐकायची, मग उलटतपासणीही घ्यायची. आपल्या माणसाचीसुद्धा.

तर माझं पटलं नसेल तर उठा, बोला. पण किती शिकलास ते विचारू नका. माझ्या बोलण्यात दोर कुठं झिजलाय, ते दाखवा.