फिरत्या सिलिंडरची रायफल कुठे गेली?

रिव्हॉल्वरचा सिलिंडर रायफलला लावला की काम झालं, असं वाटतं ना? कोल्टने १८५५ च्या मॉडेलमध्ये तेच केलं. घोळ एका फटीचा आहे. सिलिंडर फिरायचा तर तो आणि नळी यांच्यात थोडी जागा ठेवावीच लागते, आणि गोळी सुटताना तापलेला गॅस तिथून बाहेर फुटतो. रिव्हॉल्वर धरताना हात मागे असतात. रायफलचा डावा हात मात्र नेमका फटीच्या पुढे! त्यात कधी कधी शेजारचे बारही एकदम उडायचे. म्हणजे हातच जायचा की! पुढे धातूच्या काडतुसांनी हे बार उडणं थांबवलं, फट राहिलीच. तोवर स्पेन्सर आणि हेन्री रायफली आल्या होत्या, फटीशिवाय सलग झाडणाऱ्या. आज रॉसीची सर्किट जज मिळते, पण तिलाही फटीपाशी ढाली लावाव्या लागल्यात.