लेकरू उराशी धरा

मायबाप हो, मला एक सांगा. पंढरपूरला मुखदर्शन लवकर होतं, तरी माणूस पदस्पर्शाच्या रांगेतच का उभा राहतो? आषाढीला तर रात्र रात्र उभा राहतो. देव लांबून दिसतोच की! पण नुसतं पाहून मन भरत नाही. त्या समचरणांवर डोकं टेकलं, की वाटतं आता माहेरी आलो.

आपल्या घरी जन्मलेल्या लेकराचंही तसंच आहे. नऊ महिने ते आईच्या उबेत, तिच्या काळजाचे ठोके ऐकत वाढलं. जन्मलं, की एकदम गार वाऱ्यात. त्याला लांबचं दिसत नाही, बोलणं समजत नाही. त्याला कळतो तो स्पर्श. आईच्या अंगाला अंग लागलं, की रडणं थांबतं.

आणि आपण काय म्हणतो? "सोयर आहे, शिवू नका!" बाळंतीण कोपऱ्यात, बाप दारातून बघतोय. अरे, लेकराचा कसला आलाय विटाळ?

नाथमहाराजांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. पैठण आपल्या शेजारचंच. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक पोर रडत होतं. त्या काळी ज्यांची सावलीही नको म्हणायचे, त्यांच्या घरचं ते लेकरू. नाथांनी जात विचारली नाही. कडेवर घेतलं, डोळे पुसले अन् नेऊन आईच्या हाती दिलं. नाथांनी परक्याचं पोर उरी धरलं, अन् आपण आपलंच पोर दहा दिवस लांब ठेवतो! मग नाथषष्ठीला जाऊन काय शिकलो?

आता जगाचं ऐका. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथं बोगोटा शहरात १९७८ साली डॉक्टर एडगर रे यांच्यापुढं प्रश्न पडला. कमी दिवसांची लेकरं फार, उबेच्या पेट्या थोड्या. त्यांनी लेकरं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. कांगारू आपलं पिल्लू पिशवीत ठेवतं ना, तसं. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत अभ्यास केला. आपल्या दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही त्यात होतं. २०२१ साली निष्कर्ष आला: फार कमी वजनाचं बाळ जन्मल्याबरोबर छातीशी धरलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात. चार जात होती, त्यातलं एक वाचलं. ज्या घरचं वाचलं, त्या घराला विचारा!

हे मी बीडमध्ये का सांगतोय? दसरा-दिवाळी झाली, की आपल्या गावांतले कोयते ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. पोटुशी बाईही फडात मोळी उचलते. पौषाच्या थंडीत कोपीत बाळंत होते. तिथं पेटी कुठली? पण आईची छाती आहे. तीच पेटी.

कसं करायचं, ऐका. बाळाला लंगोट, टोपडं, पायमोजे. बाकी अंग उघडं. आईच्या उघड्या छातीवर मधोमध उभं धरायचं. मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून लुगड्यानं बांधायचं, त्यावर शाल. दिवसाचे जितके तास जमेल तितके. आई थकली तर बापानं घ्यावं, आजीनं घ्यावं. बापाच्या छातीलाही ऊब असते बरं का! हात धुऊन घ्या. सर्दी-खोकला असेल त्यानं लांब राहावं. ते सोयर नव्हे, ती स्वच्छता. कोपीत धूर करू नका. बाळ दूध ओढत नसेल, गार पडलं असेल, तर उराशी धरूनच दवाखाना गाठा. गावात असाल तर आशाताईला विचारा, ती घरी येते.

आणि मुलगी झाली तर? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. मान खाली जाते, मायबाप. मुलगी झाल्यावर पहिल्यांदा कोणी उचललं, हे तिला आठवणार नाही. पण तिच्या आईला जन्मभर आठवेल. म्हणून बापानं पुढं व्हावं, सासूनं पुढं व्हावं.

पांडुरंगाला आपण माउली म्हणतो, कारण ती जवळ घेते. जे तिच्याकडं मागतो, ते आपल्या लेकराला द्या. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!