तुरुंगाच्या कर्जाला कौल



बांद्याच्या ग्रामसभेत रस्त्यावर वाद होतो, नळपाण्यावर होतो. तुरुंगावर होत नाही. राज्यघटनेनं तो विषय राज्याकडे दिलाय. त्यासाठी कर्ज लागलं तर तेही राज्यच काढणार. फेडणार आपण, विचारणार मात्र कोणी नाही.

कॅलिफोर्नियात विचारतात. 1982 साली तुरुंग बांधायला 49.5 कोटी डॉलरचे रोखे काढू का, असा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला. लोक हो म्हणाले. नोव्हेंबर 1990 मध्ये पुन्हा असंच विचारलं, तेव्हा नको म्हणाले. पण मतदान न लागणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या रोख्यांवर बांधकाम चालूच राहिलं. म्हणजे एका देवानं डावा कौल दिला की दुसऱ्या देवळात जायचं!

समजा, उद्या सावंतवाडीच्या तुरुंगासाठी आपल्याला असा कौल मागितला. आधी बघूया, आत कोण आहे. 2022 अखेरची सरकारी आकडेवारी सांगते: देशातल्या तुरुंगांत जागा 4,36,266 जणांची, माणसं 5,73,220. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, खटल्याचा निकाल न लागलेले. सगळी जागा जवळजवळ त्यांनीच भरलीय.

हे आत अडकून का पडतात, ते बघा. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची दारू पकडली की सापडतो ड्रायव्हर. मालक कुठेतरी लांब. कोर्टानं जामीन दिला तरी जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा. परमुलखातल्या पोराला इथं सातबारा देणार कोण? आपल्या सातबाऱ्यावर तर वीस-वीस नावं, सगळं सामाईक. एकाची सही घेईपर्यंत दुसरा मुंबईला.

गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजना 2023 मध्ये आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं 479वं कलम सांगतं, की पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडावं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. कच्च्या कैद्याला वकीलही फुकट मिळतो. घरच्यांना हे सांगायला सहसा कोणी जात नाही, ते सोडा.

संडास, दवाखाना, गळकं छप्पर यांसाठी कर्ज काढायचं असेल, तर माझा हात वर. आतल्या माणसाला माणसासारखं ठेवायला पैसे लागतातच. नव्या बराकीचा प्रस्ताव मात्र, जामीन मंजूर होऊनही आत बसलेल्यांची यादी जोडून आणा. ती वाचल्याशिवाय मी मत देणार नाही.